ॲक्रोपोलिस संग्रहालय, अथेन्स : कॅरिॲटिड बघायच्या असतील तर आधी इथे या

ग्रीसच्या सहलीत ॲक्रोपोलिसची टेकडी कोणी चुकवत नाही, पण टेकडीच्या पायथ्याशी असलेले संग्रहालय मात्र ‘वेळ उरला तर’ या सदरात ढकलले जाते. हा क्रम उलटा असावा असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे संग्रहालयाच्या पहिल्या मजल्यावर उभ्या असलेल्या पाच संगमरवरी स्त्रिया. खांबाच्या जागी उभी राहून डोक्यावर छत पेलणाऱ्या स्त्रीमूर्तीला स्थापत्यात कॅरिॲटिड म्हणतात, आणि जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कॅरिॲटिड त्या ह्याच. टेकडीवरच्या एरेक्थिऑन मंदिराच्या दक्षिण ओसरीत आज ज्या सहा मूर्ती दिसतात आणि ज्यांच्यासमोर उभे राहून लोक हौसेने छायाचित्रे काढून घेतात, त्या सगळ्या प्रतिकृती आहेत. मूळ सहांपैकी पाच मूर्ती १९७९ मध्ये हवेच्या प्रदूषणापासून वाचवण्यासाठी खाली उतरवण्यात आल्या. सहावी त्याच्या सुमारे पावणेदोनशे वर्षे आधीच लंडनला गेली होती. त्यामुळे ज्याला मूळ मूर्ती पाहायच्या आहेत, त्याला टेकडी चढून त्या भेटत नाहीत, हे सहलीचा आराखडा आखतानाच ध्यानात घ्यावे.

संग्रहालयापर्यंत पोहोचणे सोपे आहे. मेट्रोच्या लाल मार्गावरचे ॲक्रोपोली स्थानक अगदी दाराशी म्हणावे इतके जवळ आहे, आणि स्थानकातच टेकडीवरच्या पार्थेनॉन या मुख्य मंदिराच्या शिल्पांच्या प्रतिकृती लावलेल्या असल्यामुळे आपण बरोबर उतरलो की नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही. वर आले की डिओनिसिऊ अरेओपागितू नावाचा पादचाऱ्यांसाठी राखलेला रुंद रस्ता लागतो; त्याच्या एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला संग्रहालय. संग्रहालयाचे तिकीट वेगळे आणि टेकडीचे वेगळे, हे पुष्कळांच्या गावीही नसते, आणि मग एकाच तिकिटात दोन्ही होईल या समजुतीने दुपारचे गणित चुकते. टेकडीवर २०२३ पासून दिवसाला वीस हजार लोकांची मर्यादा घातलेली असून प्रवेशाची वेळ ठरवूनच तिकीट घ्यावे लागते. म्हणून सकाळी संग्रहालय आणि ऊन कलल्यावर टेकडी असा बेत धरून टेकडीची वेळ आधीच राखून ठेवावी, हे उत्तम. उन्हाळ्यातल्या अथेन्सचे दुपारचे ऊन आपल्या विदर्भातल्या माणसालाही सावली शोधायला लावील असे असते, आणि टेकडीवर सावली जवळजवळ नाही. संग्रहालय मात्र वातानुकूलित आहे.

इमारत बर्नार्ड चुमी या वास्तुविशारदाची, ग्रीक वास्तुविशारद मायकेल फोटिआडिस यांच्या सहकार्याने उभारलेली; २० जून २००९ रोजी तिचे उद्घाटन झाले. बाहेरून ती मला फारशी देखणी वाटली नाही. जुन्या, बेताच्या उंचीच्या घरांच्या मध्ये काच आणि काँक्रीट यांचा हा अजस्र ठोकळा जरा अंगावर येतो. पण आत पाऊल टाकले की ही नाराजी फार काळ टिकत नाही. पाया खणताना खाली प्राचीन अथेन्समधली एक अख्खी वस्ती सापडली : रस्ते, घरे, विहिरी, स्नानगृहे. ती बुजवण्याऐवजी इमारतच खांबांवर उचलून धरण्यात आली, खांबांच्या जागा अवशेष चुकवत ठरवण्यात आल्या, आणि भूकंपाचा प्रदेश असल्यामुळे खांब व वरची इमारत यांच्या सांध्यात धक्के शोषणारी यंत्रणा बसवण्यात आली. प्रवेश करताना पायाखालच्या काचेतून ही वस्ती दिसत राहते, आणि २०१९ पासून खाली उतरून ती जवळून पाहण्याचीही सोय झाली आहे. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी काचेवरून चालताना नजर समोर ठेवावी. ज्या संग्रहालयाचा सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे भार पेलणाऱ्या मूर्ती, त्याची इमारतही एका गावाचा माथा सांभाळत खांबांवर उभी आहे, हा योग मला फार आवडला; तो ठरवून जुळवलेला आहे की आपोआप जुळला, ते वास्तुविशारदालाच ठाऊक.

आतला मार्ग चढत्या काचेच्या उतारावरून सुरू होतो. दोन्ही बाजूंना टेकडीच्या उतारांवर सापडलेली मातीची भांडी, नवसाच्या वस्तू, लहान मूर्ती मांडल्या आहेत. बहुतेक लोक इथे फार रेंगाळत नाहीत आणि तुम्हीही नाही रेंगाळलात तर बिघडत नाही. वर मात्र, पहिल्या मजल्यावर, एका सज्जासारख्या उंचवट्यावर कॅरिॲटिड उभ्या आहेत, मंदिराच्या ओसरीत होत्या त्याच रचनेत : पुढे चौघींची ओळ, मागे दोघी. पुढच्या ओळीतली एक जागा रिकामी ठेवलेली आहे. संग्रहालयाने केलेली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे त्यांना भिंतीला टेकवून न ठेवता मोकळ्यावर उभे केले आहे, त्यामुळे चारी बाजूंनी फिरून पाहता येते. टेकडीवर ओसरीच्या बाहेर, दोरीच्या अलीकडे थांबून केवळ समोरून आणि खालून पाहावे लागते. इथे त्यांची पाठ दिसते, आणि या मूर्तींच्या बाबतीत खरे कसब पाठीमागेच आहे.

पाठीवर केसांची जाड, भरगच्च वेणी रुळते आहे. प्रत्येकीची गुंफण निराळी आहे. कपाळावरून निघालेले पेड कानामागून जाऊन मानेमागच्या जाड वेणीत मिसळतात. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठात २००९ मध्ये कलेतिहासाच्या प्राध्यापिका कॅथरीन श्वाब यांनी आपल्या विद्यार्थिनींच्या केसांवर या रचना प्रत्यक्षात गुंफवून घेतल्या होत्या. लांब आणि दाट केस असतील तर ही केशरचना खरोखरच बसते, ती शिल्पकाराची निव्वळ कल्पना नाही, हे त्या प्रयोगातून दिसले. पण या वेणीकडे आणखी एका डोळ्याने पाहायला हवे. मनुष्याकृतीचा खांब करायचा म्हटले की सर्वांत नाजूक जागा मान असते. छताचा सगळा भार डोक्यावरून खाली येताना त्या अरुंद जागेतून जातो, आणि दगड तिथेच तडकण्याचा संभव जास्त. मान जाड केली तर स्त्री पहिलवान दिसेल. बारीक ठेवली तर ओसरी टिकणार नाही. शिल्पकाराने मान समोरून सडपातळ ठेवली आणि तिला लागणारी जाडी मागच्या केसांत घातली. समोरून पाहणाऱ्याला केवळ मोकळा, उमदा चेहरा दिसतो. मागे गेल्यावर कळते की भार वाहून नेण्याचे बरेचसे काम वेणी करते आहे. ओसरीत या मूर्तींची पाठ आतल्या बाजूला होती, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सकरालाही हे कसब सहज दिसत नसणार. मी या वेण्यांभोवती इतका वेळ काढला की पुढच्या दालनांना घाईघाईत उरकावे लागले, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

समोर आले की पायांकडे पाहावे. प्रत्येक मूर्तीने एका पायावर भार घेतला आहे आणि दुसरा गुडघ्यात किंचित वाकवला आहे. वाकलेल्या पायावर वस्त्र मांडीला आणि गुडघ्याला चिकटून खाली आले आहे. भार घेतलेल्या पायावर मात्र निऱ्या सरळ, खोल, उभ्या पडल्या आहेत, खांबावर उभ्या खाचा पाडतात तशा. डावीकडच्या तिघी उजव्या पायावर उभ्या आहेत आणि उजवीकडच्या तिघी डाव्या पायावर, म्हणजे दोन्हीकडे खाचांची ती उभी बाजू बाहेरच्या अंगाला येते आणि ओसरीच्या दोन्ही कडा नजरेला भक्कम वाटतात. डोक्यावर, खांबाच्या माथ्याशी असते तसे गोल, कोरीव नक्षीचे आसन आहे. पाण्याच्या हंड्याखाली बायका चुंबळ घेतात तिची आठवण कोणाही मराठी माणसाला झाल्याखेरीज राहणार नाही. त्याच्यावर छताची तुळई. इथे शिल्पकाराबरोबर वास्तुरचनाकारानेही आपला वाटा उचलला आहे : एरवी अशा मंदिरांत तुळईच्या वर जो कोरीव शिल्पपट्टा असतो, तो या ओसरीपुरता गाळला आहे. वजन प्रत्यक्षात कमी झाले, आणि डोक्यावर मोठे ओझे आहे असे पाहणाऱ्याला वाटतही नाही. सव्वादोन मीटरहून थोड्या उंच असलेल्या या मूर्ती दमलेल्या, वाकलेल्या, पिचलेल्या दिसत नाहीत, यामागे इतके सगळे हिशेब आहेत.

एरेक्थिऑनचे बांधकाम ख्रिस्तपूर्व ४२१ ते ४०६ या काळातले मानतात. त्याच्या जमाखर्चाचे शिलालेख सापडले आहेत आणि त्यांत या मूर्तींचा उल्लेख नुसता ‘कोराई’, म्हणजे कुमारिका, असा आहे. त्याच शिलालेखांतून कळते की कामावर नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम असे तिन्ही प्रकारचे कारागीर होते आणि त्यांना दिवसाला एक द्राख्मा असा सारखाच दर मिळत होता. कॅरिॲटिड हे नाव नंतर चिकटले, आणि त्यामागची जी कथा सगळीकडे सांगितली जाते, ती विट्रुव्हिअस या रोमन वास्तुतज्ज्ञाची, मूर्ती घडल्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी लिहिलेली आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कारिआई नावाच्या गावाने इराणच्या आक्रमणात शत्रूची बाजू घेतली. युद्ध संपल्यावर ग्रीकांनी गाव उद्ध्वस्त केले, पुरुष मारले, स्त्रियांना दासी केले, आणि त्यांची नामुष्की पुढच्या पिढ्यांनाही दिसत राहावी म्हणून वास्तुकारांनी त्यांना ओझे वाहणाऱ्या खांबांच्या रूपात कोरले. वाटाड्यांच्या तोंडी ही गोष्ट हमखास असते, कारण ती सांगायला खुसखुशीत आहे. पण ती पटत नाही. डेल्फी येथे सिफ्नोस बेटाच्या लोकांनी बांधलेल्या कोषागाराच्या दारात खांबांच्या जागी स्त्रीमूर्ती होत्या आणि ते ख्रिस्तपूर्व ५२५च्या सुमाराचे आहे, म्हणजे इराणच्या स्वारीच्या कितीतरी आधीचे. शिवाय मूर्तींसमोर उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तरी या बायका शिक्षा भोगत आहेत असे कोण म्हणेल?

पुराणकथा त्यापेक्षा मऊ आहे. लॅकोनियाचा राजा डिऑन याच्या तीन मुलींपैकी कारिया हिच्यावर डायोनिसस या देवाचा जीव जडला. पुढे तिचे अक्रोडाच्या झाडात रूपांतर झाले आणि तिच्या मृत्यूची वार्ता आर्टेमिस देवीने लोकांना दिली, म्हणून कारिआई गावात आर्टेमिस कारियाटिस या नावाने देवीची पूजा सुरू झाली. त्या गावच्या कुमारिका देवीच्या उत्सवात नाचत असत. डोक्यावर भार घेऊनही अंगाची लय न हरवणाऱ्या मूर्तींना त्या नर्तकींचे नाव मिळाले असावे, हा तर्क मला दासींच्या कथेपेक्षा अधिक जवळचा वाटतो. ओझ्याची शिक्षा पाहायची असेल तर ग्रीकांकडे त्यासाठी ॲटलास आहे. देवांविरुद्ध लढल्याबद्दल त्याला आकाश खांद्यावर पेलत उभे राहावे लागले, आणि सिसिलीतल्या आग्रिजेंतो येथील झ्यूसच्या भव्य मंदिरात त्याच्या जातीचे सुमारे साडेसात मीटर उंचीचे दगडी पुरुष दोन्ही हात डोक्यामागे घेऊन छताला रेटत होते. त्यांच्याकडे पाहून पाहणाऱ्याचेच खांदे दुखू लागतात.

आपल्याकडचा भारवाहकही या दुसऱ्या घराण्यातला. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाचे, गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचे जे लेणे आहे, त्याच्या ओसरीखाली जमिनीतून अर्धे वर आलेले यक्ष तुळया खांद्यावर घेऊन बसले आहेत, आणि हेमाडपंती मंदिरांत खांबाच्या माथ्यावरचे कीचक चार हातांनी तुळई सावरताना पोट पुढे काढून, डोळे वटारून असतात. त्यांचा सगळा रसच ओझ्यात आहे. भार किती आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरून मोजता येते. त्यांना पाहत मोठा झालेला माणूस जेव्हा अथेन्सच्या या कुमारिकांसमोर येतो, तेव्हा त्याला सगळ्यात आधी जाणवतो तो इथला निवांतपणा. एकीची श्रेष्ठता दुसऱ्यावर लादण्याचे कारण नाही, पण आपले कीचक डोळ्यांसमोर असतील तर या मूर्तींत शिल्पकाराने काय टाळले आहे, ते अधिक लवकर कळते.

पाचही मूर्तींचे हात गेलेले आहेत. त्या हातांत काय होते, हे बराच काळ कोडेच होते. इटलीत तिवोली येथे सम्राट हेड्रियनच्या प्रासादात या मूर्तींच्या रोमन प्रतिकृती १९५२ मध्ये सापडल्या आणि कोडे सुटले : एका हाताने वस्त्र किंचित उचललेले, दुसऱ्या हातात देवाला अर्घ्य देण्याची उथळ वाटी. एरेक्थिऑनची ही ओसरी अथेन्सचा पौराणिक राजा केक्रोप्स याच्या समाधीवर असल्याचे मानले जात असे. त्याच मंदिराच्या परिसरात अथेना देवी आणि समुद्रदेव पोसायडन यांच्यात नगराच्या स्वामित्वावरून स्पर्धा झाली, तिथेच तिने ऑलिव्हचे झाड लावले आणि त्याने त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, अशी अथेन्सकरांची श्रद्धा होती. राजाच्या समाधीला अर्घ्य द्यायला निघालेल्या कुमारिका म्हणून पाहिले तर त्यांचे उभे राहणे, त्यांची ती सावकाश चाल, सगळे जागच्या जागी बसते. मूर्तींजवळचा माहितीफलक मात्र याबाबत फार त्रोटक आहे, आणि ही माझी या संग्रहालयाविषयीची पहिली तक्रार. फलक ग्रीक आणि इंग्रजी या दोन भाषांत आहेत, नेमके आहेत, पण जेवढे सांगायला हवे त्याच्या पावपट सांगतात. त्यावर उतारा म्हणजे दालनांमधून फिरणारे पुरातत्त्वज्ञ : प्रवाशांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठीच ते नेमलेले असतात आणि त्यांच्या छातीवर तशी पट्टी असते. कानाला लावायच्या यंत्रावर पैसे खर्च करण्याआधी त्यांच्यापैकी एखाद्याला गाठून प्रश्न विचारावेत.

मूर्तींचा आजचा रंग पाहून, त्या नव्याने घासूनपुसून काढल्या आहेत की काय, अशी शंका येईल. तसे नाही. विसाव्या शतकातल्या अथेन्सच्या धुराने संगमरवराच्या वरच्या थराचे जिप्सम करून टाकले होते आणि काजळी त्यात अडकून काळे पापुद्रे धरले होते. डिसेंबर २०१० ते जून २०१४ या काळात संग्रहालयाने लेसरच्या साहाय्याने ते पापुद्रे काढले. क्रीटमधल्या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या पद्धतीत अवरक्त आणि अतिनील असे दोन्ही किरण एकाच वेळी वापरले जातात, कारण एकट्या अवरक्त किरणांनी दगड पिवळट दिसू लागतो आणि एकट्या अतिनील किरणांनी करडा. दगडावर कालौघात आलेली मूळची उबदार झाक त्यामुळे शाबूत राहिली. विशेष म्हणजे हे काम बंद प्रयोगशाळेत झाले नाही. मूर्ती जागेवरच ठेवून, भोवती पडदे लावून, आत काय चालले आहे ते प्रवाशांना पडद्यावर दाखवत ते पार पडले. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय जतनसंस्थेचा केक पुरस्कार संग्रहालयाला मिळाला तो याचसाठी, आणि तो अगदी योग्य होता. चेहऱ्यांची झीज मात्र कोणताही लेसर भरून काढू शकत नाही. नाक, ओठ, गालांचे उंचवटे पावसाने आणि आम्लाने खाल्ले आहेत. काही जणींचे चेहरे जवळून पाहिले तर साखरेसारखे रवाळ लागतात.

आता त्या रिकाम्या जागेविषयी. ऑटोमन दरबारातला ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन याच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पार्थेनॉनच्या शिल्पांबरोबर पुढच्या ओळीतली एक कॅरिॲटिडही काढून नेली आणि १८१६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने पस्तीस हजार पौंडांना सगळा संग्रह विकत घेऊन ब्रिटिश संग्रहालयाकडे सोपवला. ग्रीसने परतीची मागणी लावून धरली आहे आणि हे संग्रहालय उभारण्यामागेही ‘तुमच्याकडे ठेवायला योग्य जागा कुठे आहे’ या जुन्या सवालाला उत्तर देण्याचा हेतू होता. सहावीच्या जागी प्रतिकृती न ठेवता जागा रिकामी सोडणे हा त्या मागणीचाच भाग. तिसऱ्या मजल्यावर पार्थेनॉनच्या शिल्पपट्टात लंडनमधल्या भागांच्या जागी पांढरेशुभ्र प्लास्टरचे तुकडे बसवलेले आहेत, इथे मात्र काहीच नाही, आणि माझ्या मते हाच मार्ग अधिक परिणामकारक आहे. वरचे प्लास्टर पाहताना डोळ्याला दोन रंगांचा त्रास होतो. खाली एक पाऊल मागे घेतले की ओळीतला खळगा स्वतःच बोलतो. परतीची मागणी मला रास्त वाटते, तरीही एक गोष्ट मान्य करायलाच हवी : लंडनमधल्या मूर्तीचा चेहरा या पाचजणींपेक्षा पुष्कळ शाबूत आहे, कारण विसाव्या शतकातला अथेन्सचा धूर तिने खाल्लेला नाही. संग्रहालयाच्या फलकांवर ही तुलना सापडत नाही.

दुसरी तक्रार अधिक मूलभूत आहे आणि तिच्यावर संग्रहालयाकडे इलाज असेल असे मला वाटत नाही. इथे या मूर्ती काहीही पेलत नाहीत. डोक्यावरच्या आसनाच्या वर मोकळी हवा आहे. वेणीतली जाडी, भार घेतलेल्या पायाची खांबासारखी बाजू, गाळलेला शिल्पपट्टा, हे सगळे ज्या ओझ्यासाठी योजले गेले ते ओझेच इथे नसल्यामुळे अर्धी गोष्ट अधांतरी राहते. एक साधा लाकडी सांगाडा वर टांगून तुळईची जागा आणि जाडी दाखवता आली असती, निदान भिंतीवर ओसरीचा छेद काढता आला असता. म्हणूनच संग्रहालय आधी आणि टेकडी नंतर, असा माझा आग्रह आहे. वेण्या, निऱ्या, माना मनात ताज्या असताना वर जावे. ओसरीतल्या मूर्ती प्रतिकृती असल्या तरी त्यांच्या डोक्यावरचे छत खरे वजनदार आहे, आणि तिथे, दोरीच्या अलीकडून का होईना, त्या काय करत आहेत ते नीट कळते. उलट क्रमाने गेलात तर वर छायाचित्र काढून खाली याल आणि ‘ह्या मघाशी पाहिल्याच की’ म्हणून पुढे निघून जाल.

संग्रहालयात बाकीही पाहण्यासारखे भरपूर आहे. वासरू खांद्यावर घेतलेला पुरुष आणि रंगाचे अवशेष अंगावर असलेल्या प्राचीन कुमारिका पहिल्या मजल्याच्या मोठ्या दालनात आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे पार्थेनॉन दालन खालच्या मजल्यांशी कोन करून मुद्दाम मंदिराच्या दिशेशी जुळवले आहे आणि काचेतून प्रत्यक्ष पार्थेनॉन समोर दिसत राहते. दुसऱ्या मजल्यावरच्या उपाहारगृहाच्या गच्चीवरून टेकडीचे दर्शन असे आहे की कॉफीचा पेला हातात धरून बराच वेळ बसून राहावेसे वाटते. शाकाहारी मंडळींनी जेवण मात्र आसपासच्या खाणावळींत करावे. पालकाची स्पानाकोपिता, टोमॅटोच्या रसातले मोठे राजमासदृश दाणे आणि फेटा चीजची कोशिंबीर कुठेही मिळते आणि पोट भरते. शुक्रवारी संग्रहालय रात्री दहापर्यंत उघडे असते, आणि गर्दी टाळायची असेल तर तीच वेळ साधावी. सोमवारी लवकर बंद होते. ग्रीसच्या दोन राष्ट्रीय दिनांना, २५ मार्च आणि २८ ऑक्टोबर या दिवशी, प्रवेश विनामूल्य असतो, पण त्या दिवशी कॅरिॲटिडभोवती निवांत फिरायला मिळेल ही आशा सोडावी. उद्वाहने, सरकते जिने सगळे आहे, त्यामुळे वयस्कर आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांना इथे टेकडीसारखी काळजी करावी लागत नाही.

लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी जोड म्हणून सांगतो. ब्रिटिश संग्रहालयात १९ क्रमांकाच्या दालनात सहावी उभी आहे, एरेक्थिऑनच्याच एका खांबासोबत, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. चेहरा इतका स्पष्ट पाहायला मिळतो म्हणून तिला अवश्य भेटावे, पण अथेन्सच्या पाचजणींच्या आधी नव्हे. एकटीला पाहून ती एका रांगेतला खांब होती, हे लक्षात येणे कठीण जाते. तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, यूस्टन रस्त्याला, सेंट पँक्रास चर्च आहे. १८१९ ते १८२२ या काळात विल्यम आणि हेन्री इनवुड या पितापुत्रांनी ते बांधले तेव्हा एरेक्थिऑनची ही ओसरी तिथे पुन्हा उभी करण्याची हौस केली. मूर्ती भाजलेल्या मातीच्या, रोसी नावाच्या शिल्पकाराकडून करून घेतलेल्या, आतून ओतीव लोखंडाचे खांब. मूर्ती बसवताना त्या जागेपेक्षा उंच निघाल्या आणि पोटाशी कापून कमी कराव्या लागल्या, असे सांगतात. ही गोष्ट कानावर नसली तरी त्यांचा कमरेचा भाग आखूड आणि अवघडलेला दिसतोच, आणि छताचे वजन आतले लोखंड वाहत असल्यामुळे वेणी असो वा नसो, मानेला काही फरक पडत नाही. अथेन्समध्ये पाठीमागे जाऊन वेण्या पाहून आलेल्याला हे चर्च पाच मिनिटांत उलगडते.